तिसरा रकाना

‘शाश्वत’ हा शब्द आमच्या गावाला नवा नाही. फरक इतकाच, की इतकी वर्षे तो कीर्तनात राहत असे. बुवा डोळे मिटून सांगायचे, आत्मा शाश्वत आहे आणि देह नश्वर. आणि समोर बसलेले आम्ही आपापल्या नश्वर देहांवरचे डास मारीत ते ऐकायचो. ब्रह्म, आत्मा, फार तर कीर्ती, एवढ्यांनाच ते विशेषण लावायची रीत होती. अलीकडे हा शब्द देवळाच्या ओट्यावरून उठला आणि शाळेत येऊन बसला. आता विकास शाश्वत असतो, शेती शाश्वत असते, पर्यटनसुद्धा शाश्वत असते. आणि या पावसाळ्यात तर ‘आपल्या शाळेतील शाश्वतता’ या विषयावर विद्यार्थ्यांची व शिक्षकांची मते मागवणारा एक छापील तक्ताच आमच्या कार्यालयाच्या टेबलावर येऊन पडला. तक्त्याला दोन रकाने होते. एक विद्यार्थ्यांसाठी, दुसरा शिक्षकांसाठी. मुख्याध्यापकांनी तो माझ्याकडे सरकवला. कारण मी कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तक्तेही भरता येतात अशी आमच्या शाळेची समजूत आहे.

आठवीच्या वर्गात मी तो शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा पहिला प्रश्न आला, “सर, शाश्वत म्हंजे टिकाऊ का?”

मी म्हटले, “जवळपास तसेच.”

मागच्या बाकावरून लगेच दुसरा आवाज आला, “मंग पन्नी लय शाश्वत हाये सर. आमच्या वावरात नांगरली तरी सडत नाही!”

वर्ग हसला. मीही हसलो. पण पोराने नेमके वर्मावर बोट ठेवले होते. प्लास्टिकच्या पिशवीइतके टिकाऊ या जगात दुसरे काय आहे? मग मला खडू खाली ठेवून जरा मागे जावे लागले. 1987 साली संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या एका आयोगाने आपला अहवाल प्रसिद्ध केला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या त्याच्या अध्यक्ष होत्या. आज जगणाऱ्यांनी आपल्या गरजा अशा बेताने भागवाव्यात, की पुढे जन्मणाऱ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात, असा त्या अहवालाचा मथितार्थ. पुढे 2015 साली सगळ्या राष्ट्रांनी मिळून 17 उद्दिष्टे ठरवली आणि 2030 ही त्यांची मुदत धरली. आमच्या देशापुरते बोलायचे तर 1991 सालीच सर्वोच्च न्यायालयाने शाळाशाळांतून पर्यावरण शिकवले जावे असा आदेश दिला होता. हे सारे मी सांगितले. मुलांनी वहीत उतरून घेतले. माझ्या आईने मात्र हा सबंध अहवाल बियाण्याच्या मडक्यात राख मिसळता मिसळता एका ओळीत उरकला होता: खायचे ते खा, पेरायचे ते ठेव.

आता या शब्दाला आमच्या गावात जे वजन आहे, ते मुंबई-पुण्याच्या शाळेत असेल असे मला वाटत नाही. मुकुटबन हे नाव ऐकून पाहुण्यांना रानाने डोक्यावर मुकुट घातल्याचे चित्र दिसते. ते अगदीच खोटे नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या कडेला, झरी जामणी तालुक्यात, माजरीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आमचे गाव आहे. दक्षिणेला पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगण. जमिनीच्या वर कापूस, तूर, सागवान, मोह. आणि जमिनीच्या पोटात या टापूत चुनखडी आणि कोळसा. म्हणजे देवाने एकाच ताटात गोड आणि तिखट शेजारी शेजारी वाढून ठेवावे तसे झाले आहे. वरचे राखावे तर खालचे मिळत नाही, खालचे काढावे तर वरचे राहत नाही. 2022 साली गावाजवळ सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. वर्षाला 39 लाख टन सिमेंट काढण्याची त्याची क्षमता. आणि पश्चिमेकडे, पांढरकवड्याच्या बाजूला, टिपेश्वरचे वाघांचे अभयारण्य. अशा ठिकाणी ‘पुढच्यांसाठी काय ठेवायचे’ हा प्रश्न परीक्षेतला राहत नाही. तो घरोघरी जेवताना निघतो.

आधी शिक्षकांच्या रकान्याचे सांगतो. मधल्या सुट्टीत आम्ही सारे शिक्षक एकत्र बसलो. गणिताच्या बाईंनी विजेच्या बिलाचा हिशेब मांडला आणि छपरावर सौर तावदाने बसवावीत असे मत दिले. हिंदीच्या सरांनी एक सुंदर घोषवाक्य सुचवले. ते प्लास्टिकच्या फलकावर छापून आणायचे का, यावर थोडी चर्चा झाली. विज्ञानाचे सर तरुण आहेत, हुशार आहेत. त्यांनी सांगितले, की 100 किलो निर्मळ चुनखडी भाजली तर 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिवाय सिमेंटची भट्टी 1,450 अंशांच्या आसपास तापवायला जो कोळसा जळतो, त्याचा धूर निराळा. “म्हणजे सिमेंटच्या प्रत्येक पोत्याबरोबर एक न दिसणारे पोतेही आकाशात जाते,” ते म्हणाले. सगळे गंभीर झाले. मग कुणीतरी त्यांना त्यांच्या नव्या घराचा स्लॅब कधी पडतो आहे असे विचारले, आणि त्यांनीही हसत तारीख सांगितली. यात मला विसंगती दिसत नाही. डोक्यावर छप्पर तर सर्वांनाच हवे. 44 हा आकडा ठाऊक असलेला माणूस निदान भिंत जरुरीपेक्षा जाड बांधणार नाही.

मुलांचे कागद मी घरी नेले आणि रात्री कंदिलाच्या नव्हे, तरी वीज येऊन-जाऊन असल्यामुळे मेणबत्तीच्या उजेडात वाचले. मुले मोठ्यांची भाषणे ऐकून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ असेच लिहितील अशी आपली कल्पना असते. तसे लिहिणारी होतीच. पण एकाने लिहिले होते, “वर्ग सोडताना पंखे बंद करावे असे फळ्यावर लिहिले आहे. आमच्या वर्गातला पंखा दोन वर्षांपासून बंदच आहे. म्हणून आमचा वर्ग सर्वांत शाश्वत आहे.” एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या: “मुलींच्या संडासात पाणी असले तर मुली शाळेत टिकतात. बाकीचे नंतर पहावे.” या दोन ओळींपुढे आमची सौर तावदाने फिकी पडली.

एका मुलाने लिहिले होते, “माझे बाबा पहिले कापसाचा हंगाम सरला की तेलंगणात कामाला जात होते. आता ते कारखान्यात आहेत आणि रोज संध्याकाळी घरी येतात. म्हणून कारखाना टिकला पाहिजे.” त्याच गठ्ठ्यातल्या दुसऱ्या कागदावर होते, “आजोबा म्हणतात पहिले सरकी घरची राहत होती. आता पऱ्हाटीचे बियाणे दरवर्षी विकत आणावे लागते. जे दरवर्षी विकत आणावे लागते ते शाश्वत कसे?” 2002 साली बीटी कापूस आपल्या देशात आला आणि त्यानंतर संकरित बियाण्याची पाकिटे घरोघरी पोचली, हा इतिहास मला माहीत होता, पण तो असा प्रश्न होऊन समोर येईल असे वाटले नव्हते. एकाने टिपेश्वरच्या त्या वाघावर लिहिले होते, जो 2019 साली गळ्यात रेडिओचा पट्टा घेऊन निघाला आणि 3,000 किलोमीटरांहून अधिक पायपीट करून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात राहिला. “त्याला इथे जागा पुरली नाही,” मुलाने लिहिले होते, “आमच्या मामालापण पुरली नाही. तो पुण्याला गेला.”

कोलाम पोडावरून येणाऱ्या एका मुलीचा कागद मी बाजूला काढून ठेवला. महाराष्ट्रात अतिशय बिकट स्थितीतले म्हणून शासनाने वेगळे नोंदलेले आदिवासी समूह तीनच. कातकरी, माडिया गोंड आणि आमच्याकडचे कोलाम. त्यांची बोली मराठीच्या नव्हे, तेलुगूच्या कुळातली. तिने लिहिले होते, की तिची आजी रानात कंद खणते तेव्हा एक तुकडा मातीतच ठेवते आणि वरून माती लोटून पायाने दाबते. “का ठेवते असे मी विचारले, तर आजी म्हणाली, पुढच्या वेळी मी रिकाम्या हाताने परत येऊ का?” आणि याच मुलीने आपल्या कागदावर पट्टीने रेघ मारून एक तिसरा रकाना पाडला होता. त्याच्या डोक्यावर लिहिले होते: ‘भाऊ आणि मावशी’.

भाऊ म्हणजे आमचे शिपाई. मावशी म्हणजे मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाई. छापील तक्त्यात या दोघांना जागा नव्हती. ते विद्यार्थीही नव्हते आणि शिक्षकही नव्हते. पोरीने दोघांना जाऊन विचारले होते आणि त्यांनी सांगितले तसे उतरवून आणले होते.

या दोघांचे मत किती मोलाचे ठरले, हे सांगायचे तर आधी अंगणाचे प्रकरण सांगायला हवे. आमच्या शाळेचे अंगण काळ्या मातीचे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते, की लहान पोराचे पाऊल आत जावे. श्रावणात फाटकापासून पायरीपर्यंत येताना प्रत्येक पायाला शेर शेर चिखल चिकटतो. गावातल्या एका सज्जनांनी सबंध अंगण सिमेंटने बांधून देण्याची तयारी दाखवली होती. शिक्षक बहुतेक अनुकूल होते. मुलांत फूट होती. मुलींनी लिहिले होते, की चिखलात घसरून कपडे भरतात आणि मग दिवसभर तसेच बसावे लागते. त्यांचे म्हणणे कुणाला खोटे म्हणता येईल? खो-खो खेळणारी पोरे म्हणत होती, की सिमेंटवर गुडघे फुटतील आणि वैशाखात पाय भाजतील. विदर्भाच्या उन्हाळ्यात हेही खोटे नव्हे. शिवाय कोपऱ्यात एक जुना कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्यापर्यंत सिमेंट भरले तर तो जगेल काय, अशी शंका विज्ञानाच्या सरांनी काढली. वाद दोन्हीकडून खरा होता, म्हणूनच तो मिटत नव्हता.

तिसऱ्या रकान्यात भाऊंचे मत होते: “अंगण पुरं बांधू नका. फाटकापासून पायरीपर्यंत वाट बांधा, अन् मुलींच्या संडासापर्यंत बांधा. निंबाकडलं मोकळं ठेवा. तिकडं हातभर खणलं का मुरूम लागते. पाणी तिकडंच मुरते. म्हणून कोपऱ्यातला हातपंप उन्हाळ्यात तग धरते.”

मी दुसऱ्या दिवशी त्यांना विचारले, “भाऊ, मुरूम लागतो हे तुम्हाला कसे कळले?”

ते म्हणाले, “सर, दरसाली एक जुलैले झाडं लावाचे खड्डे कोण खणते?”

खरेच होते. 2016 साली राज्यात 2 कोटी झाडांचा संकल्प झाला, 2017 साली 4 कोटींचा, 2018 साली 13 कोटींचा आणि 2019 साली 33 कोटींचा. त्या कोट्यवधींतली आमच्या वाट्याची झाडे लावताना छायाचित्रात आम्ही सारे होतो. खड्डे मात्र भाऊंनी खणले होते. आणि छायाचित्र निघून गेल्यावर त्यांना पाणीही त्यांनीच घातले होते. अंगणात कुठे पाणी तुंबते, कुठे मुरते, कुठले रोप बकरीने खाल्ले आणि कुठले नुसते सुकले, हे ज्या माणसाच्या झाडूखालून रोज जाते, त्यालाच ते कळणार.

मावशींचे मत आणखी लहान होते. “भात एकदम वाढला तर ताटात राहते. दोनदा थोडा थोडा वाढला तर राहत नाही. पण दुसऱ्यांदा वाढाच्या आधी घंटा होते.” शाळेत शिजवलेले अन्न मुलांना मिळाले पाहिजे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली दिला, आणि त्या योजनेवर आजवर पुष्कळ अहवाल लिहिले गेले असतील, पण आमच्या शाळेत भात का वाया जातो, याचे उत्तर तीन वाक्यांत सांगणारा अहवाल मी प्रथमच वाचला. मुख्याध्यापकांनी वेळापत्रक काढले आणि मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवली. दुसऱ्या आठवड्यापासून उष्ट्याची बादली अर्धीही भरेनाशी झाली. बादलीवर टपलेल्या गावातल्या एका गाईखेरीज कुणाचीही तक्रार आली नाही.

अंगणाचेही भाऊंच्या सल्ल्याप्रमाणेच ठरले. देणगीदारांना आधी थोडे वाईट वाटले. पुरे अंगण बांधले असते तर नाव मोठ्या अक्षरांत कोरता आले असते. पण भाऊंनी त्यांना निंबाखाली नेऊन मुरूम दाखवला, तेव्हा ते समजले. उरलेल्या पैशात मुलींच्या संडासावर पाण्याची टाकी बसवायचे त्यांनी स्वतःच सुचवले. टाकीवर नाव कोरायला जागा चांगली आहे.

इथे हा लेख संपला असता तर दिवाळीच्या फराळासारखा गोड झाला असता. पण एक गोष्ट उरते, आणि तीच मला जास्त छळते. भाऊ येत्या मे महिन्यात सेवानिवृत्त होत आहेत. 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने असे ठरवले, की खासगी अनुदानित शाळांतले शिपायाचे पद रिक्त झाले, की ते भरायचे नाही. त्याऐवजी शाळेला ठोक भत्ता द्यायचा. भत्त्याने झाडू मारणारा हात मिळेलही. पण कुठे मुरूम आहे हे ठाऊक असलेला माणूस भत्त्याने कसा मिळावा? अंगण जाणून घ्यायला भाऊंना तीस पावसाळे लागले. ‘शाळेतील शाश्वतता’ मोजायची तर माझ्या मते पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे, की शाळा सांभाळणारी जी माणसे आहेत, त्यांचे ज्ञान त्यांच्यामागे कुणाकडे जाणार. छापील तक्त्यात हा प्रश्न नव्हता.

मी शिक्षकांच्या बैठकीत नई तालीमची आठवण काढली. वर्धा आम्हाला काही परके नाही. 1937 च्या ऑक्टोबरात तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला, आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम् या दांपत्याने तशी शाळा चालवली. सूत कातणे, शेत करणे, स्वयंपाक, सफाई, हेच तिथले धडे. 2005 साली सेवाग्रामला ‘आनंद निकेतन’ या नावाने ती परंपरा पुन्हा सुरू झाली. तेव्हा मी म्हटले, मुलांनीच अंगण झाडायला, रोपांना पाणी घालायला शिकावे. भाऊ आहेत तोवर त्यांच्या हाताखाली.

यावर आमच्या इतिहासाच्या बाई बोलल्या. त्या सहसा कमी बोलतात. म्हणाल्या, “सर, वर्ध्याचं ठीक आहे. पण आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा, हे जातीवरून ठरत आलं आहे. माझ्या वडिलांना शाळेत झाडायला लावत आणि पाण्याच्या माठाला हात लावू देत नसत. तुम्ही पाळी लावाल, आणि चार महिन्यांनी पाहाल तर झाडू त्याच चार घरांतल्या पोरांच्या हातात असेल.”

खोलीत कुणी बोलेना. मग त्यांनीच तोड काढली. पाळीचा कागद भिंतीवर लागेल. हजेरीपटाच्या क्रमाने सर्वांची नावे येतील, एकही गाळायचे नाही. आणि कागदाच्या सर्वांत वर शिक्षकांची नावे असतील, त्यातही पहिले मुख्याध्यापकांचे. मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला आणि मान डोलावली. पहिल्या सोमवारी ते झाडू घेऊन अंगणात उतरले, तेव्हा रस्त्यावरून जाणारी माणसे थांबून पाहू लागली. भाऊ शेजारी उभे राहून सांगत होते, “सर, वाऱ्याकडे पाठ करा. नाहीतर पुरा कचरा तोंडावर येते.”

दोनतीन पालक तक्रार घेऊन आले. “पोराले शिकाले धाडतो का झाडाले?” असे त्यांनी विचारले. भिंतीवरचा कागद वाचल्यावर त्यातले काही निमूट गेले. एक मात्र अजून रुसले आहेत. त्यांचा मुलगा पाळीच्या दिवशी घरी राहतो. त्याची समजूत घालायचे काम अजून बाकी आहे.

तक्ता मी भरून पाठवला. दोन रकान्यांच्या शेजारी हाताने रेघ मारून तिसरा पाडला आणि त्यात भाऊंचे आणि मावशींचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवले. वरच्या कार्यालयात त्याचे काय झाले ते कळलेले नाही. हातपंपाशेजारी मात्र रोज सकाळी दोन पोरे बादल्या घेऊन उभी असतात आणि भाऊ त्यांना सांगत असतात, की कुठल्या रोपाला किती तांबे घालायचे. कारण चिंचेला आणि जांभळाला सारखे पाणी चालत नाही म्हणे. त्यांचे बोलणे कोलाम पोडावरची ती मुलगी एका वहीत लिहून घेते. वहीच्या पहिल्या पानावर तिने अंगणाचा नकाशा काढला आहे, आणि मुरूम कुठे लागतो तिथे फुली मारली आहे.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असेल. रोपांना सुट्टी नसते, म्हणून सुट्टीतल्या पाळ्याही भिंतीवर लागल्या आहेत. नरकचतुर्दशी गणिताच्या बाईंकडे आहे, लक्ष्मीपूजन विज्ञानाच्या सरांकडे. पाडवा माझ्या वाट्याला आला आहे. त्या दिवशी घरच्यांनी फराळाला माझी थोडी वाट पाहावी. मला यायला अंमळ उशीर होईल.